चहाडखोर आरसा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक तळघर दिसतं. कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या पोटातलं. डावीकडे वाफेची इस्त्री सुस्कारे टाकते आहे. उजवीकडे शिलाई मशीन आणि त्यावर मान वाकवून बसलेला दिवा. मधोमध बिनडोक्याचा, बिनहातांचा पुतळा, कुणाचा तरी अर्धा उसवलेला कोट अंगावर घालून ताठ उभा. छतावर ग्राहकांच्या टाचांची टकटक चालली आहे. मागच्या भिंतीशी कापडाचा एक आडोसा, आणि त्या आडोशाआड, गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्यांची रांग धरलेली आपली नायिका.

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव दुकानाच्या दप्तरात कुठेतरी असेल, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने मागे वळून दुसरंच कोणी आहे का ते पाहिलं असतं.

दुकानात येण्याआधी तिचं अर्धं आयुष्य एका फिरत्या नाटक कंपनीच्या कपडेपटात गेलं होतं. कपडेपट म्हणजे पोशाखांची खोली, पण नटांना विचाराल तर ते कबुलीजबाबाचं ठिकाण. रंगमंचावर छाती काढून गर्जणाऱ्या नायकाच्या छातीत किती कापूस आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक असायचं. एक त्याला आणि एक टाचणीबाईला. विनोदी नटाच्या पाठीवर कोडाचे डाग होते. उन्हाळ्यातही त्याचा सदरा गळ्यापर्यंत बंद का, हे तिने कुणाला कळू दिलं नाही. एका हंगामात नायिकेला दिवस गेले. रोज संध्याकाळी अल्लड कुमारिका म्हणून ती बागडायची आणि टाचणीबाई प्रयोगागणिक शिवण थोडी थोडी सैल करत जायची. कंपनीच्या मालकाला ही बातमी कळली ती बारशाच्या वेळी. ‘माझ्या नाकाखाली?’ म्हणून तो ओरडला. टाचणीबाई म्हणाली, “नाकाखाली नाही मालक, झालरीखाली.”

एकदा एका वार्ताहराने मिठाईचा पुडा पुढे सरकवून नायिकेच्या कंबरेचं माप विचारलं. टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं, “उं उं” केलं, आणि पुडा मात्र ठेवून घेतला.

त्या टाचण्या तोंडात असण्याचं खरं कारण हेच होतं. माप घेताना आकडा तोंडातून निघूच नये. टेपेवर बोट, आणि खडूची खूण थेट कापडावर. नवशिक्या मुली हाताखाली आल्या की त्यांना पहिला धडा शिवणकामाचा मिळत नसे. एखादीने सहज म्हटलं, “मावशी, यांची मापं काढू का?” की टाचणीबाई टाचण्या थुंकून म्हणायची, “मापं काढतात ती भांडताना, चौकात उभं राहून. आपण मापं घेतो. समोरच्याने दिली तरच घेतो. कळलं?”

नाटक कंपनी बंद पडली, पडदे विकले गेले, आणि टाचणीबाई या तळघरात आली. इथे कुणी राजा नव्हता, राणी नव्हती, पण माणसं तीच होती. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचं पोट पुढे, कुणाची लाज भलत्याच ठिकाणी. आडोशाआड गेली की सगळी सारखीच हळू आवाजात बोलायची.

त्यांतलीच एक बस चालवणारी होती. ऐन चाळिशीची, आवाज खणखणीत, चालण्यात रुबाब. पहिल्यांदा आली तेव्हा गणवेशाचे शर्ट टेबलावर टाकून बराच वेळ इस्त्रीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मावशी, एका बाजूला आतून खिसा करून द्याल? पोकळ दिसतं.”

टाचणीबाईने विचारलं नाही. आडोशाआड तिने पाहिलं. एका बाजूला स्तन होता, दुसऱ्या बाजूला आडवा व्रण. गाडीच्या सीटचा पट्टा नेमका त्या व्रणावरून जायचा. तिने आतून मऊ कापडाचा खिसा शिवला, त्यात बसेल अशी उशी केली, आणि पट्ट्याच्या रेषेवर गोधडीसारखे टाके घालून एक जाड घडी दिली. शर्ट घालून ड्रायव्हरबाई सरळ उभी राहिली आणि एकदम हसली.

“डेपोत कुणाला माहीत नाही,” ती म्हणाली. “कळलं तर बिचारी बिचारी करून मला खिडकीमागे तिकिटं फाडायला बसवतील. आणि घरी बाबांना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय. आई याच दुखण्याने गेली, मावशी. ते अजून तिची चप्पल दारातून उचलू देत नाहीत. डॉक्टर एकदा म्हणाले की आता काही नाही, की मग मीच सांगेन. शेजारी बसून, हात धरून सांगेन.”

“सांग की. तुझं अंग, तुझी गोष्ट,” टाचणीबाई म्हणाली. “इथून शब्द जायचा नाही.”

हा शब्द तिने दिला होता, आणि तो मोडला तिच्याच हातून. कसा, ते सांगतो.

दुकानात नवे आरसे आले. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक ट्रायल रूममध्ये एक, पुरुषभर उंचीचा, कडेने निळसर उजेड असलेला. मॅनेजरने सगळ्या नोकरांना जमवून भाषण दिलं. तरुण, तरतरीत, पायघोळ शब्दांचा माणूस. “हा आरसा साधा नाही. हा ग्राहकाला बघतो, समजून घेतो, आणि त्याला काय शोभेल ते सुचवतो!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाचणीबाईनेही वाजवल्या. तिच्या आयुष्यात आरसा म्हणजे रंगपटातला, कडेला बल्ब लावलेला, पावडरीने धुरकट झालेला. त्याच्यापुढे बसून नटांनी रडून घेतलं होतं, शिव्या दिल्या होत्या, उतरत्या वयाच्या सुरकुत्या मोजल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्याने कधी कुणाचं काही कुणाला सांगितलं नव्हतं. मॅनेजर आपला साबण विकतात तशा भाषेत बोलतो आहे, असं तिला वाटलं. नाटकवाल्यांना जाहिरातीतली वाक्यं खरी मानायची सवय नसते. मॅनेजर खरंच बोलत होता, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मग तळघरातला पाइप फुटला. आडोसा भिजला, फरशी उखडली. त्याच आठवड्यात ड्रायव्हरबाई नवे शर्ट घेऊन आली.

“वर जा, ट्रायल रूममध्ये घालून बघ,” टाचणीबाई म्हणाली. “मी टाचण्या घेऊन आलेच.”

“वर नको मावशी. कुणी येईल.”

“कडी लाव आतून. आत आहे कोण? नुसता आरसा.”

पुढच्या वेळी ड्रायव्हरबाई आली ती शर्ट न घेता. पुतळ्याला धरून उभी राहिली.

“मावशी, तुमच्या आरशाने घरी जाऊन सांगितलं.”

टाचणीबाईला आधी ही थट्टा वाटली. मग तिने तिचा चेहरा पाहिला आणि मशीन थांबवलं.

झालं होतं ते असं. घरात एकच मोठा टॅब होता. त्यावर बाबा सकाळी बातम्या बघायचे. दुकानाचं अॅप बापलेकीचं मिळून एकच, टॅबवर आणि तिच्या खिशातल्या फोनवरही. सकाळी बातमी सुरू व्हायच्या आधी एक गोड आवाज म्हणाला, ‘शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीसारखी दिसा! खास तुमच्या शरीरासाठी,’ आणि पडद्यावर एका बाजूची कृत्रिम छाती गोल गोल फिरू लागली. खाली मापही होतं. बिनचूक.

“ते काही बोलले का?”

“नाही. टॅब पालथा घातला. मग तासभर दारातल्या त्या चपलेकडे बघत बसले. मी चहा दिला तर कप हातातून घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मावशी, मी त्यांना शेजारी बसून सांगणार होते हो.”

टाचणीबाईने टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. तिला राग यायला नेहमी वेळ लागायचा, आणि आला की तो जिन्यावरून वर चढायचा. ती ड्रायव्हरबाईचा हात धरून सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. दार तिने ठोठावलं ते उघडल्यानंतर.

“साहेब, या बाईंची मापं कुणी काढली?”

“बसा, मावशी. काय झालं?”

काय झालं ते दोघींनी मोजक्या शब्दांत सांगितलं. मॅनेजरने मान हलवत ऐकलं. त्याला वाईट वाटलं, हेही खरं. पण वाईट वाटण्यासाठीसुद्धा त्याच्याकडे छापील वाक्य होतं. “तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पण मॅडमनी संमती दिलेली आहे.”

“मी? कधी?” ड्रायव्हरबाई म्हणाली.

“ट्रायल रूमच्या दारावर स्टिकर आहे. आत प्रवेश करणे म्हणजे संमती.”

“तो नखाएवढा?” टाचणीबाई म्हणाली. “मी समजले, दार कुठल्या कारखान्याचं आहे ते लिहिलंय. म्हणजे कपडे बदलायला दाराआड गेलं की संमती? मग साहेब, तुम्ही रोज संडासात जाता, तिथे कशाकशाला संमती देता?”

मॅनेजर लाल झाला. “मावशी, मर्यादा ठेवा. आणि मापं तर तुम्हीही रोज काढता की!”

“मी घेते!” ती एवढ्याने ओरडली की बाहेरच्या काउंटरवरची मुलगी उभी राहिली. “उभी हयात मापं घेतली मी. राजांची घेतली, राण्यांची घेतली, तुमच्या लग्नातल्या कोटाचीही घेतली. पोटाला आत पट्टा मागितला होतात, आठवतं? कधी कुठे बोलले? काढलीत तुम्ही. चौकात उभं राहून, बापाच्या पुढ्यात काढलीत!”

मॅनेजरने नकळत कोटाचं बटण लावलं. मग त्याने आरसेवाल्या कंपनीला फोन लावून तो टेबलावर ठेवला. पलीकडून एक अतिशय मृदू पुरुषी आवाज आला. अशा आवाजाला नाटकात फक्त खलनायकाचं काम मिळतं, असं टाचणीबाईचं मत पडलं, आणि तिने ते हळूच सांगितलंही.

“आम्ही तुमच्या खाजगीपणाचा मनापासून आदर करतो,” आवाज म्हणाला. “आम्ही कुणाचंही नाव साठवत नाही.”

“नाव नाही, तरी घर बरोबर सापडलं?” ड्रायव्हरबाईने विचारलं.

“जाहिरातींचं काम आमच्या सहकारी कंपनीकडे आहे, मॅडम. आमच्याकडे फक्त आकृती असते.”

“मग ती पुसा,” टाचणीबाई म्हणाली.

“अवश्य. तो ग्राहकाचा हक्कच आहे. फक्त नाव नसल्यामुळे नेमकी कुठली आकृती त्यांची, हे आम्हाला कळणार नाही. त्यासाठी मॅडमनी पुन्हा एकदा त्याच आरशासमोर, त्याच अवस्थेत उभं राहावं. जुळणी झाली की आम्ही पुसून टाकू.”

 मॅनेजरने खाली पाहिलं. ड्रायव्हरबाईच्या हाताची पकड टाचणीबाईच्या मनगटावर एवढी घट्ट झाली की बांगडी रुतली.

“का रे बाबा,” टाचणीबाई शेवटी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलेला नव्हता, “या बाईला तू एकदा उघडं केलंस. ते झाकायला तिने परत उघडं व्हायचं?”

“ही प्रमाणित प्रक्रिया आहे,” आवाज म्हणाला.

“एकीची सापडत नाही म्हणतोस ना? मग सगळ्यांच्या पुस.”

“ते शक्य नाही.”

“का?”

“ती आमची मालमत्ता आहे.”

घरी टाचणीबाईने, कुणाचं नाव न घेता, हे सगळं नणंदेला सांगितलं. दोघी विधवा, दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. नणंद भाजी निवडायची आणि वहिनीची अक्कलही निवडायची.

“नोकरी जाईल हं वहिनी,” ती म्हणाली. “या वयात कोण ठेवणार तुला? माझ्याच उरावर बसशील.”

“बसेन. तुमचा ऊर भक्कम आहे, वन्सं.”

“मेली जीभ! काय करणार आहेस पण?”

“पडदा टाकणार आहे.”

आणि तिने अक्षरशः तेच केलं. शनिवारी सकाळी, दुकान भरायच्या आधी, काळ्या अस्तराचे तागे घेऊन ती वर गेली. रातोरात नाही, कुणापासून चोरून नाही. सगळ्यांदेखत, स्टुलावर चढून, तिने एकेका आरशावर पडदा लावला. अस्तरात दोरी ओवलेली, वरून चुणी पडलेली. काम रागाच्या भरातलं असलं तरी चुणी सारखी हवी. बायकांच्या खोल्या झाल्या, मग ती पुरुषांकडे वळली. शेवटी सगळ्यांच्या मधे स्टूल टाकून बसली. मांडीवर एक जुना हातआरसा.

पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, “हे काय हो? कुणी गेलं का?”

“लाज गेली, बाई. या काचेआड डोळा आहे. तुम्ही कपडे उतरवता ते तो साठवून ठेवतो आणि विकतो. बघायचं तर हा आरसा घ्या. याला नुसतं दाखवता येतं.”

बाईने हातातला झगा परत टांगला आणि मैत्रिणीला हाक मारली. मैत्रिणीने सुनेला. अर्ध्या तासात ट्रायल रूमसमोर ही गर्दी. “कुणाचं झालं असं? कोण आहे ती?” जो तो विचारत होता. आता इथे नाव सांगितलं असतं, नुसतं बोट दाखवलं असतं, तर गर्दी मॅनेजरवर तुटून पडली असती. ड्रायव्हरबाई मागे खांबाशी उभीच होती, कामावर जाता जाता डोकावलेली, गणवेशात. टाचणीबाईने खिशातून टाचण्या काढल्या, तोंडात धरल्या आणि म्हणाली, “उं उं.”

मॅनेजर धावत आला. त्याने परिस्थिती पाहिली आणि हात पसरून सभेला संबोधल्यासारखा बोलला. “मंडळी, या बाई अफवा पसरवत आहेत. खरंच कुणाला त्रास झाला असेल तर त्या व्यक्तीने पुढे यावं! आम्ही लगेच दखल घेऊ. या ना, पुढे या!”

गर्दी वळून एकमेकींकडे पाहू लागली. खांबाशी ड्रायव्हरबाईचा चेहरा पांढरा पडला. तिचा एक पाय पुढे सरकला. टाचणीबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. तिने टाचण्या हातात घेतल्या आणि स्टुलावर उभी राहिली. नाटकात तिने कधी एक वाक्यही म्हटलं नव्हतं, पण विंगेत उभं राहून हजार वाक्यं ऐकली होती.

“कुणी पुढे येणार नाही!” ती म्हणाली. “जिचं लुटलं तिनेच चव्हाट्यावर येऊन अंग दाखवायचं, आणि तुम्ही खुर्चीत बसून दखल घेणार? पुढे तुम्ही या. तुम्ही सांगा, कुणाकुणाची अंगं विकलीत. इथल्या एकूण एक बाईची आकृती पुसा. मग कुठली कुणाची हे शोधायचं कामच उरत नाही.”

 तेवढ्यात पुरुषांच्या ट्रायल रूमचं दार किलकिलं झालं. एका भारदस्त गृहस्थाचं डोकं बाहेर आलं. डोक्यावरचा केसांचा टोप वाकडा झालेला, आणि एका हाताने विजार धरलेली.

“एकूण एक पुरुषाचीसुद्धा,” ते म्हणाले. “माझी आधी.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग एक बाई म्हणाली, “माझीही.” मग दुसरी. काउंटरवरची मुलगीही म्हणाली, मॅनेजरकडे न बघता. त्यानंतर त्या दिवशी दुकानात एकही कपडा ट्रायल रूममध्ये गेला नाही.

पुढचं लवकर घडलं. आरसे उतरवले गेले. दारावर मोठ्या अक्षरांत माफी लागली. स्टिकर नखाएवढा होता, माफी मात्र सतरंजीएवढी. सगळ्या आकृती पुसल्या आहेत, असं त्या मृदू आवाजाच्या कंपनीने कळवलं. खरंच पुसल्या की दुसऱ्या कपाटात ठेवल्या, हे बघायला कुणालाही आत घेतलं नाही. आणि टाचणीबाईला, दुकानाच्या सामानाचा गैरवापर केला म्हणून, कामावरून कमी केलं. सामान म्हणजे काळं अस्तर. माणसाचं अंग विकणाऱ्याला गैरवापर शब्द लागू झाला नाही, तो अस्तराला लागू झाला. याला कायदा म्हणतात म्हणे.

तिने घरीच मशीन मांडलं, खिडकीशी. नणंदेने कुरकुर करत आपली खाट सरकवली आणि आडोशासाठी स्वतःची चांगली चादर काढून दिली.

तिथे ड्रायव्हरबाई शर्ट घेऊन आली. नणंद न सांगता उठली, “मला शेजारी काम आहे,” म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. शेजारी तिचं काही काम नव्हतं.

शर्ट अंगावर चढला. टाचणीबाई पट्ट्याच्या रेषेवर घडी बसवत होती.

“डॉक्टर म्हणाले, आता काही नाही,” ड्रायव्हरबाई म्हणाली.

टाचणीबाईने मान वर केली. “मग? बाबांना सांगितलंस?”

“काय सांगू आता? घरात दोघं गुपचूप फिरतो. ते मला जड उचलू देत नाहीत, आणि का ते बोलत नाहीत. त्यांना सगळं माहीतच आहे, मावशी. सांगायला उरलंय काय?”

“त्यांना आरशाने सांगितलंय, पोरी. तू कुठे सांगितलंयस अजून?”